बडोद्यात दांडिया बाजारात घरातच ऑफिस आहे, 6 जण, दिवसभर व्हिडिओ कॉल. किती स्पीडचं इंटरनेट घ्यावं?
6 जणांना 100 एमबीपीएस पुरेल, 300 चा प्लॅन घेऊ नका. झूमचा फुल एचडी ग्रुप कॉल माणशी 3 ते 4 एमबीपीएस घेतो, म्हणजे सगळे एकदम बसले तरी 24. घरात कुणी फोर-के सिनेमा लावला तर त्याला नेटफ्लिक्स 15 सांगतं. झाले 39, बॅकअप, अपडेट धरून दुप्पट करा. मी इथे ऑफिसांची नेटवर्कं बसवतो, आधी अडतं ते अपलोडच. तेही 100 मिळेल ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. मात्र जुन्या वाड्याच्या जाड भिंतींपुढे वायफाय दमतं. राउटर ओसरीत आणि टेबल माजघरात असेल तर सरळ केबल ओढून घ्या.