तीन महिने हातात आहेत, तर रोज मोठ्याने सोडव

तू विचारलंस, "ताई, चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडवर, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या कोडवर, काम करतेय, अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचा इंटरव्ह्यू तीन महिन्यांनी आहे, तोवर सरावाचे पाचशे कोडिंग प्रॉब्लेम सोडवून होतील का?" होतीलही, पण त्या आकड्यामागे लागू नकोस. मी लागले होते आणि माझं एक वर्ष गेलं.

माझा पहिला राऊंड ४५ मिनिटांचा होता. प्रश्न ओळखीचा निघाला. मी मान खाली घालून पंधरा मिनिटं गप्प कोड लिहीत बसले. कोड बरोबर होता, तरी नकार आला. रिक्रूटर एवढंच म्हणाली, की तुम्ही विचार कसा करता ते समोरच्याला कळलंच नाही. तेव्हा फार राग आला होता. आता मी स्वतः इंटरव्ह्यू घेते, तेव्हा तिचं म्हणणं पटतं. समोरचा माणूस तुझं बोलणं टिपून घेत असतो. गूगलसारख्या ठिकाणी तर त्याचे लेखी शेरे पुढे समितीकडे जातात, आणि त्या समितीने तुला पाहिलेलंही नसतं. तू बोललीच नाहीस तर तो लिहिणार काय?

म्हणून रोज एक तरी प्रॉब्लेम मोठ्याने, इंग्रजीत सोडव. आपला विचार मराठीत चालतो, बोलायचं असतं इंग्रजीत, आणि टेन्शन आलं की नेमकी तिथेच गाडी अडते. फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिला आठवडा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, तरी ऐक.

साधा प्रश्न घे: आकड्यांची यादी दिली आहे, ठरावीक बेरीज होणारी जोडी शोधायची. लगेच लिहायला बसू नकोस. समोरच्याला आधी विचार: यादी सॉर्ट केलेली, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेली, आहे का? तोच आकडा दोनदा वापरला तर चालेल का? जोडीच नसेल तर काय परत करायचं? यादी केवढी? समज, तो म्हणाला एक लाख. मग बोलून दाखव: प्रत्येक जोडी तपासली तर जवळजवळ ५०० कोटी तुलना होतील, हे परवडणार नाही. सॉर्ट करायला साधारण १७ लाख पायऱ्या लागतील, मग दोन्ही टोकांना एकेक बोट ठेवून आत यायचं. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे. हॅशमॅप (पाहिलेले आकडे साठवून चटकन शोधू देणारी रचना) घेतला तर एका फेरीत काम होतं, पण मेमरी जास्त लागते. एवढं बोलून झालं की मग कीबोर्डला हात लाव. लिहून झाल्यावर रिकामी यादी, एकच आकडा, ऋण आकडे असं सगळं हाताने चालवून दाखव. बऱ्याच ठिकाणी कोड रन करता येत नाही, तेव्हा सरावही ऑटोकम्प्लीट बंद करूनच कर.

दीडशे प्रॉब्लेम नीट केलेस तरी पुष्कळ झाले. अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री, ग्राफ, हीप, बायनरी सर्च (सॉर्ट केलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) यांवरचे आधी. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (मोठा प्रश्न छोट्या तुकड्यांत मोडून त्यांची उत्तरं जपून ठेवायची पद्धत) शेवटी. जो अडला तो आठवड्याने कोऱ्या पानावर पुन्हा. बायनरी सर्च सोपं म्हणून सोडू नकोस. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला इंडेक्स काढताना ओव्हरफ्लो होत होता, म्हणजे बेरीज ठरलेल्या जागेत मावत नव्हती, आणि ही चूक कितीतरी वर्षं तशीच राहिली. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्यावर लिहिलं.

तुझ्या अनुभवाला सिस्टीम डिझाइनही, म्हणजे एखादी मोठी यंत्रणा कशी उभारशील तेही, विचारतील. दिवसात ८६,४०० सेकंद असतात हे पाठ ठेव. सर्व्हरकडे रोज १० कोटी रिक्वेस्ट (मागण्या) म्हणजे सेकंदाला साधारण १,२००, गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. हे गणित आधी, आकृतीतले चौकोन-बाण नंतर.

वागणुकीच्या प्रश्नांत आपण मराठी माणसं हमखास अडकतो, कारण स्वतःबद्दल बोलतानाही तोंडात 'आम्ही' येतं. "आम्ही बग शोधला." मग तू काय केलंस? लॉग तू वाचलास, क्वेरी तू बदललीस, तर 'मी' म्हण. त्यात बढाई नाही. असे सहा-सात खरे प्रसंग लिहून काढ, एक फसलेलाही असू दे. अ‍ॅमेझॉनला जाणार असशील तर त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स समोर ठेवून ते प्रसंग लाव.

व्हिसाचं रिक्रूटरला पहिल्याच फोनवर विचार, शेवटासाठी ठेवू नकोस. एच-१बीला, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाला, वर्षाला ८५,००० ची मर्यादा आहे, त्यामुळे ऑफर हातात असूनही नंबर लागेलच असं नाही. कंपनीचं ऑफिस तुझ्या देशात असेल तर तिथे सलग एक वर्ष काम करून एल-१ (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) वर जाण्याचा रस्ताही विचारून ठेव. तयारीला आणखी दोन आठवडे हवे असतील तर मागायला लाजू नकोस, सहसा देतात. आणि अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, तेव्हा इन्व्हाइटमधली वेळ स्वतः जुळवून बघ.

पहिला मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, माझ्यासोबत कर. शनिवारी फोन लाव, हाच जोडी शोधायचा प्रश्न घेऊ. मी मध्येमध्ये अडवणार आहे.