संत्र्याचा कोंबुचा मॉकटेल: पहिल्यांदा करत असशील तर

भाऊ, कोंबुचा म्हणजे आंबवलेला, गॅसवाला चहा; पहिल्याच वेळी ग्लासात दहा गोष्टी नको टाकू. आपलं संत्रं घे, पण मिक्सर नको, बिया भरडल्या का रस कडू होते, हातानं पिळ अन् लगेच वापर, ठेवला तरी कडवटते. एक भाग रस, दोन भाग थंडगार कोंबुचा, चिमूटभर काळं मीठ, पुदिना, बस. कोंबुचा सगळ्यात शेवटी, ग्लास तिरका धरून ओत, शेकरमध्ये तर अजिबात नको, गॅस तर जातेच, झाकणही उडते. मे महिन्यात बंद बाटली ओट्यावर ठेवून राहिला असशील तर आधी फ्रिजमध्ये टाक ना बाप्पा, गरमीत आंबणं जोरात चालते अन् काच फुटू शकते. अन् हो, आंबवलेलं असल्यानं किंचित अल्कोहोल राहतेच, घरात कोणी गरोदर असेल तर तिला कोंबुच्याऐवजी साधा सोडा दे.