जुनी जपानी बेस गिटार दुरुस्त करावी, की नवा पिकअप टाकून बदलून घ्यावी?

तुम्ही विचारलंय, की आजोळी जुनी जपानी बेस गिटार सापडली, पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) बंद आहे, नेक (जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती लांब मान) वाकलाय. बॉडी घासून काळा रंग मारावा, नवा पिकअप आणि बॅटरीवर चालणारा प्रिअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारं सर्किट) टाकावा असं मनात आहे, तर खर्च किती येईल आणि खान्देशात हे काम कोण करतं? नेमकं हेच, जवळपास याच क्रमाने, माझा मामेभाऊ बारा वर्षांपूर्वी मामांच्या ओसरीवर बसून बोलला होता. तेव्हापासून या विषयावर आमचं धड बोलणं झालेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे बॉडी घासू नका.

माझे मामा भुसावळला लोको शेडमध्ये फिटर होते. दिवसा इंजिनं, रात्री ऑर्केस्ट्रा. सत्तरच्या दशकात रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा त्यांच्याकडून मामांनी ही बेस हप्त्याने घेतली. मागच्या प्लेटवर फक्त ‘मेड इन जपान’. डोक्यावरची कंपनीची पट्टी कधीच पडलेली, तिचे दोन स्क्रूचे भोक तेवढे शिल्लक. 30 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीने 1951 साली प्रिसिजन बेस काढली तिच्या 34 इंचांपेक्षा चार इंच आखूड. मामांची बोटं जाड आणि आखूड, त्यांना ती बरोबर बसली.

पिकअपच्या वरच्या अंगाला, जाड तारेच्या बाजूला, आठ आण्याच्या नाण्याएवढी एक जागा आहे. तिथलं पॉलिश पूर्ण गेलंय. मधोमध लाकूड फिकट आणि गुळगुळीत, कडेला घामाने तपकिरी पडलेलं. तिथे मामांचा अंगठा टेकायचा. वीस वर्षांच्या लग्नसराईत, गणपतीत, रेल्वेच्या हॉलमधल्या कार्यक्रमांत तो एक अंगठा एकाच जागी. मामेभाऊ म्हणाला, “हा डाग घासला की जाईल.” माझं डोकं तिथेच फिरलं. तुमच्या बेसवरही अशी जागा असणार, उजेडात तिरपी धरून बघा. शिवाय त्या काळच्या जपानी गिटारींवर पुष्कळदा पॉलिएस्टरचा जाड थर असतो, घासायला घेतला की काचेसारखे टवके उडतात, आणि खाली कधी कधी चक्क प्लाय निघतं. त्यावर कितीही चांगला काळा रंग मारा, ते फर्निचरच दिसणार.

आता नेक. मामा निवृत्त होऊन फैजपूरजवळ गावी राहायला आले, तोवर बेसला काही झालं नव्हतं, कारण जुनं घर धाब्याचं. मातीच्या धाब्याखाली मे महिन्यातही लाकूड फार तापत नाही. पुढे धाबं पाडलं, वर पत्र्याची खोली चढवली आणि बेस माळ्यावर गेली. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको, बाहेर 45 अंश म्हणजे पत्र्याखाली हात लावता येत नाही. तारा कुणी सैल केल्या नव्हत्या. चार तारांचा साठेक किलोचा ताण आणि वरून तीन उन्हाळे. खाली उतरवली तेव्हा बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) तारेखालून माझी करंगळी आरपार जात होती. तुम्ही आजच्या आज तारा सैल करा आणि बेस भिंतीच्या आतल्या, थंड बाजूला ठेवा. ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, बाक सरळ करणाऱ्या सळईचा) नट जाम असेल तर तेलाचा थेंब सोडून दोन दिवस थांबायचं, जोर लावायचा नाही. मी नेकला क्लॅम्प लावून हलका उलटा बाक दिला आणि मग नट फिरवला, एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस विश्रांती. तीन आठवडे लागले. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरल्यावर मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट राहिली की बस. अगदी सरळसोट नेक करू नका, बेसची तार हेलकावते तिला जागा लागते.

आणि पिकअप, ज्यावरून सगळं महाभारत झालं. मल्टिमीटर लावला तर काहीच दाखवेना, आतली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटलेली. मामेभावाने तोवर पुण्याहून नवा पिकअप आणलाही होता, पण तो जुन्या खाचेत बसत नव्हता. त्यासाठी बॉडीत राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, चालवावा लागणार होता. मामा खाटेवर बसून ऐकत होते. मी म्हटलं, “मामा, कॉइल तुटलीये.” ते म्हणाले, “तुटली तं जोड ना मंग.” आयुष्यभर तुटलेलं जोडणाऱ्या माणसाचं ते म्हणणं होतं. संध्याकाळी पिकअप काढून रुमालात बांधला आणि मोटारसायकलवर फैजपूरला नानांकडे गेलो.

नाना मोटार वाइंडिंगवाले. केळीच्या बागांवरच्या पाण्यातल्या मोटारी जळाल्या की त्यांच्याकडे येतात. पिकअपची तार त्यांनी चिमटीत धरली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “भाऊ, ही तार आहे का केस? आतापावतो साडेसात अन् दहा एचपीच्या मोटारी भरल्या, केस नाही भरला.” पण नाही म्हणाले नाहीत. मोटार भरायला आली की जुनं तांबं कापून आधी वजन करायचं, ही त्यांची पद्धत. इथेही तेच केलं. त्यांच्या काट्यावर मात्र एवढं वजन कळेना, म्हणून शेजारच्या सराफाकडे गेलो. जुन्या कॉइलला मेण नव्हतं, त्यामुळे वजन निव्वळ तारेचं: 35 ग्रॅम, आजच्या तोळ्याने साडेतीन तोळे. लेथवाल्याच्या मायक्रोमीटरवर इनॅमल खरवडलेली तार 0.06 मिलिमीटर, म्हणजे ब्रिटिश मापाने 46 गेज. या दोन आकड्यांवरून लांबी निघते, सव्वा किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा डबीत सव्वा किलोमीटर तांबं, हे तेव्हा मलाही पटेना. दहा-पंधरा दिवसांनी ओळखीतल्या एकाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तीच तार आणून दिली.

पहिल्या खेपेला सहाशे फेऱ्यांवर तुटली. दुसऱ्यांदा दोन हजारांच्या पुढे जाऊन तुटली. तिसऱ्या खेपेला नानांनी पंखा बंद केला, कारण वाऱ्याने तार डुलत होती. मे महिना, दुपार, पंखा बंद. डाव्या हाताच्या दोन बोटांत फेल्टचा तुकडा, त्यातून तार, उजव्या हाताने हातमशीनची मूठ. मला आकड्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं, बोलायची बंदी. घाम कोपरावरून टपकत होता पण डावा हात हलला नाही. 8,400 च्या जरा पुढे तार संपली. टोकं सोल्डर करून मीटर लावला: 7.4 किलोओहम. नानांनी 300 रुपये घेतले.

मग मेण. कॉइल मोकळी राहिली की आवाज वाढवल्यावर शिटी मारते, म्हणून ती मेणात मुरवावी लागते. चार भाग मेणबत्तीचं मेण, एक भाग मधमाश्यांचं. ते सातपुड्यातून मध आणणाऱ्याकडून मिळालं. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून, 65 अंशांच्या वर जाऊ न देता, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवायचं. गॅसवर थेट मेण तापवू नका, पेटतं. आणि प्लॅस्टिकची बॉबिन (कॉइलचं रीळ) असेल तर थर्मामीटरवरून नजर काढू नका.

मामेभावाचं म्हणणं आजही तेच आहे: नवा पिकअप टाकला असता तर दोन दिवसांत वाजायला लागली असती, महिनाभर कशाला घालवला? वाजायला लागली असती, हे खरंच. पण कोणती बेस वाजली असती? त्या बॉडीवर पुण्याचा पिकअप वाजला असता. जोडून आणली त्या रात्री मामांनी फक्त वरची मोकळी तार छेडली, ई, 41 हर्ट्झची. छोट्या स्पीकरमधून तिचा तळ येतच नाही, पण खाट थरथरली. अंगठा न बघता त्याच जागी गेला. सुजलेल्या सांध्यांनी त्यांनी दहा-बारा मिनिटं वाजवलं आणि मग म्हणाले, “पहिल्यासारखी खरखर नाही.” म्हणजे खरखर होती हेही त्यांना आठवत होतं. (ती पॉटची, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाची होती, स्प्रे मारून साफ केली होती.)

तुमच्या मुद्द्यांकडे येतो. पिकअपला आधी मल्टिमीटर लावा. कॉइल तुटलेली दाखवली तरी लगेच कापू नका. पुष्कळदा बारीक तार बाहेरच्या टोकाला, जाड वायरच्या सोल्डरपाशीच सुटलेली असते आणि पाच मिनिटांत काम होतं. आमच्या कॉइलला आतून हिरवा गंज लागला होता, म्हणून पर्याय नव्हता. प्रिअँपची मला गरज वाटत नाही. आधी गुणगुण कमी करायला आतल्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवा, ती आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) दोन्ही ग्राउंडला जोडा, मग सांगा आवाजात काय कमी आहे. टोनला 0.047 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर पुरतो. तारा घेताना शॉर्ट स्केलच्याच मागा. लांब तार कापून बसवली तर जाड भाग खुंटीवर येतो आणि गुंडाळीतच मोडतो.

आता मामेभावाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप, गुणगुणतो. पट्टी लावूनही आमची थोडी गुणगुणतेच, आणि लग्नाच्या मांडवात जनरेटर नि डिमर लाइट असले की जास्तच. तुम्हाला दर आठवड्याला स्टेजवर वाजवायचं असेल तर नवा पिकअप जरूर टाका, पण जुन्या खाचेत बसेल असाच शोधा, नवीन पिकगार्ड (बॉडीवरची पातळ संरक्षक प्लेट) कापून त्यावर लावा आणि जुना डबीत जपून ठेवा. लाकडाला राउटर लावू नका, एवढंच माझं भांडण आहे. आणि दुसरी गोष्ट, आमच्या बेसला बाजारात किंमत नव्हती, म्हणून नानांवर सोपवायची हिंमत केली. तुम्ही ‘जपानी’ म्हणताय ते कशावरून, ते एकदा बघा. आतल्या पॉटच्या पाठीवर 137 किंवा 304 ने सुरू होणारा आकडा निघाला तर पॉट अमेरिकन आहे, पुढच्या आकड्यांत त्याचं साल आणि आठवडा असतो. तसं निघालं तर काहीही उघडू नका, जुनं सोल्डरही हलवू नका, मुंबईत जाणत्या माणसाला दाखवा.

खान्देशात कोण करतं हे मला सांगता येणार नाही, कारण गिटार दुरुस्तीची पाटी लावलेल्या माणसाकडे मी गेलोच नाही. तुमच्या तालुक्यातला सगळ्यात जुना वाइंडिंगवाला शोधा आणि त्याच्याशेजारी बसायची तयारी ठेवा. तोवर मीटरचा आकडा, नेकचा बाजूने काढलेला आणि पॉटच्या पाठीचा असे दोन फोटो इथे टाका. ते बघून पुढचं सांगतो.