‘समजलं का?’ विचारून काय समजतं?

सत्र संपत आलं की एकाच मजकुराची पत्रं येतात: वर्गात सगळं समजतं, पेपरात आठवत नाही. विद्यार्थी लिहितात, प्राध्यापकही लिहितात. त्यांतले काही प्रश्न इथे घेतो.

फळ्याऐवजी स्लाइड्स वापरल्या तर निकाल सुधारेल का?

तेवढ्याने नाही.

एक संस्था चाचणी घेऊन, कोण कशाने चांगलं शिकतो यावरून विद्यार्थ्यांचे ‘दृश्य’, ‘श्राव्य’, ‘कृतिशील’ असे गट पाडून देते. दर विद्यार्थ्यामागे शुल्क आहे. घ्यावी का?

घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली या विषयावरचं संशोधन तपासलं. गटानुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं, असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. तरी ही दुकानं चालूच आहेत, याचा मला संताप येतो. रेणूची रचना सगळ्यांनाच दाखवावी लागते, कवितेची लय सगळ्यांनाच ऐकवावी लागते. एखाद्याला खरंच दिसण्या-ऐकण्याची अडचण वाटली, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

एसवाय बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवते. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. अंतर्गत परीक्षेत निम्मे नापास. काय चुकतंय?

प्रश्न चुकतोय, मॅडम. मुलं खोटं बोलत नाहीत. तुमचं विवेचन ऐकताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की ते आपल्याला येतं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते! म्हणून तासाची शेवटची पाच मिनिटं राखा: वह्या बंद, दोन प्रश्न, कोरा कागद. गुण देऊ नका, गुण आले की नक्कल आली. हार्वर्डचे एरिक मॅझूर भौतिकशास्त्राच्या तासाला संकल्पनेवरचा प्रश्न टाकत. आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. उत्तर नोंदवायची यंत्रं नसली तरी रंगीत कार्डांवर भागतं. आणि ते कागद पुढच्याच तासाला परत द्या. दोन महिन्यांनी गठ्ठा परत करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तोवर ती चूक मुलाच्या डोक्यात पक्की बसलेली असते. प्रश्न आधी विभागातल्या सहकाऱ्याला दाखवून घ्या. अंतर्गत गुणांत बदल करायचा असेल, तर परीक्षा विभागाला विचारल्याशिवाय करू नका.

पेपरला तीन आठवडे आहेत. नोट्स किती वेळा वाचू?

एकदा वाच, मग वही मिटून लिही. अडेल ते घेऊन सरांना आजच भेट.

वर्गात गटाने उदाहरणं सोडवून घेतो. फीडबॅकमध्ये मुलांनी ‘वेळ वाया जातो’ लिहिलं. बंद करू?

लगेच बंद करू नका. 2019 साली हार्वर्डमध्येच दिसलं, की अशा तासांना विद्यार्थी जास्त शिकले, पण त्यांना मात्र आपण कमी शिकलो असं वाटत होतं. डोकं शिणतं, म्हणून तसं वाटतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना हे सांगा. मात्र गटात एकटाच सोडवतो आणि बाकीचे उतरवतात, असं होत असेल तर मुलांची तक्रार खरी आहे. विभागप्रमुखांना एक तास मागच्या बाकावर बसायला बोलवा आणि सत्र संपायची वाट न बघता चौथ्या आठवड्यातच मुलांना विचारा.