सुंभ जळला तरी पीळ जात नाही : ही म्हण कौतुकाची आहे का?

प्रश्न असा : सुंभ म्हणजे नेमकं काय? आणि सगळं गमावूनही तत्त्वाला चिकटून राहिलेल्या माणसाच्या गौरवात ही म्हण वापरली, तर चुकलं का?

चुकलं. कारण सुंभातच आहे.

सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची जाडीभरडी दोरी. कोकणात नारळाची सोडणं, म्हणजे वरची तंतुमय सालं, खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात, मग बडवून काथ्या मोकळा करतात आणि तो वळून सुंभ तयार होतो. संस्कृतात दोरीला ‘शुल्ब’ म्हणतात. यज्ञवेदी दोरीने मापण्याचे नियम सांगणारी शुल्बसूत्रं त्यावरूनच ओळखली जातात, आणि आपला सुंभ त्याच शब्दाच्या कुळातला. काहीजण इथे ‘शुंभ’ लिहितात, तो निराळा : पुराणातला असुर, निशुंभाचा भाऊ, आणि त्यावरून मख्ख, ठोंब्या माणूस.

आता पीळ. दोरी वळताना प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ देतात आणि मग ते पेड उलट्या दिशेने एकमेकांत गुंफतात. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून हात सोडला तरी दोरी उलगडत नाही. म्हणजे पीळ वरून चढवलेला नसतो, दोरीची सगळी घडणच त्यावर उभी असते. शिवाय काथ्या लाकडासारखा चिवट. तो भडकन पेटत नाही, धुमसत राहतो. पूर्वी पानपट्टीवर विडी पेटवायला सुंभाचा तुकडा धुमसत टांगलेला असे, तो पाहिलेल्यांना ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. वारा नसेल तर जळलेल्या टोकाच्या राखेतही वेढे जसेच्या तसे दिसतात. बोट लावा, भुगा होतो.

म्हणीचा खरा डंख या भुग्यात आहे. पीळ दिसतो, पण त्या दोरीने आता कालवडही बांधता येणार नाही. त्यात ‘पीळ’ला मराठीत दुसराही अर्थ आहेच : मिशीला देतात तो, म्हणजे ताठा, ऐट. सत्ता गेली, पैसा गेला, ऐकणारं कुणी उरलं नाही, तरी तोरा तोच, अशा माणसाला ही म्हण लागते. ‘वतन गेलं, वाडा गहाण पडला, पण दारात आलेल्याला अजून उभाच ठेवतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही!’ हा तिचा चोख वापर. हिंदीतली ‘रस्सी जल गई, पर बल नहीं गया’ हीसुद्धा याच अर्थाने टोचते.

गौरव करायचा असेल तर ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणावं. त्यात ताठपणा माणसाच्या बळातून येतो. सुंभात बळ आधीच संपलेलं असतं.

दुसरी गल्लत जास्त होते : कुठल्याही न सुटणाऱ्या सवयीला ही म्हण चिकटवतात. रोज उशिरा येणाऱ्याला ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ पुरे. कितीही समजावलं तरी वाकडंच वागणाऱ्यासाठी कुत्र्याचं शेपूट आणि नळी आहे. तिथे सुधारण्याचा प्रयत्न झालेला असावा लागतो. सुंभासाठी मात्र आधी जळणं हवं, म्हणजे पडझड होऊन गेलेली हवी. चांगली कमाई, हाताखाली माणसं असलेल्या उद्धट माणसाला ही म्हण लावली तर ती लागत नाही, कारण त्याचा सुंभ अजून शाबूत आहे.

‘जळला’ की ‘जळाला’, ‘पीळ जात नाही’ की ‘पीळ जळत नाही’, ही सगळी रूपं बोलण्यात आहेत आणि कुठलंही चालेल. ‘पीळ सुटत नाही’ मात्र टाळावं. पीळ सुटतो तो उलगडणाऱ्या दोरीचा. राखेचा पीळ उलगडत नाही, ढासळतो.