पिंगपॉंग चिनी की इंग्रजी? आणि पैज की सट्टा?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक बाईंनी दोन प्रश्न एकदम विचारले आहेत. पहिला असा: "पिंगपॉंग हा चिनी शब्द आहे, असं माझा मुलगा छातीठोकपणे सांगतो. खरं का? आणि मग टेबल टेनिस वेगळं का?" दुसरा: "ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलचे सराव सामने सुरू झाले की नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी फोनवरून त्यांवर पैसे लावतात. याला मराठीत पैज म्हणायचं, सट्टा की जुगार?"

पहिल्याचं उत्तर लांबणार आहे. दुसरं थोडक्यात आटपेल.

शब्द चिनी नाही, पक्का लंडनचा आहे. मुलाची चूक काढायची नाही. खेळावर चीनचं राज्य आहे आणि शब्दाचा नादही असा, की कुणालाही तसंच वाटावं. पण प्रवास उलटा झाला आहे. मेजर विंगफील्ड यांनी १८७४मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि इंग्लंडच्या सुखवस्तू घरांना त्या खेळाचं वेड लागलं. मात्र थंडीपावसात हिरवळ निरुपयोगी. मग रात्रीची जेवणं झाल्यावर त्याच टेबलावर मधोमध जाळी ताणून टेनिसची छोटी आवृत्ती खेळायचे प्रयत्न सुरू झाले. डेव्हिड फॉस्टरने १८९०मध्ये अशा एका खेळाचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी जॅक्स कंपनीने 'गॉसिमा' नावाचा संच बाजारात आणला. दोन्ही फारसे चालले नाहीत, आणि त्याला चेंडू जबाबदार होता. रबरी चेंडू वाट्टेल तसा उसळायचा, बुचाचा उसळायलाच तयार नसायचा. १९००च्या सुमारास सेल्युलॉइडचा पोकळ, हलका चेंडू आला आणि खेळाला जीव आला. जेम्स गिब नावाच्या इंग्रज गृहस्थाने अमेरिकेहून खेळण्यातले असे चेंडू आणले, अशी हकीकत सांगतात.

आता नावाकडे येऊ. त्या काळची बॅट आजच्यासारखी रबर चिकटवलेली फळी नव्हती. लांब दांड्याच्या चौकटीवर पातळ चामडं ताणून बसवलेलं असायचं, म्हणजे जवळजवळ डफलीच. तिच्यावर पोकळ चेंडू आपटला की एक सूर, टेबलावर टप्पा पडला की दुसरा. तेच पिंग आणि पॉंग. बंदुकीची गोळी कानाजवळून गेली की होणाऱ्या आवाजाला इंग्रजीत आधीपासून 'पिंग' म्हणत होतेच. हॅम्ले ब्रदर्स या खेळण्यांच्या लंडनमधल्या दुकानदारांनी १९००मध्ये 'पिंगपॉंग' हे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं आणि जॅक्स कंपनीच्या जोडीने माल विकायला काढला. प्रतिस्पर्धी स्लॅझेंजरने 'व्हिफ-व्हॅफ' काढलं. कुणी 'पिम-पॅम' म्हणालं. (२००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी हेच 'व्हिफ-व्हॅफ' उकरून काढून खेळावर इंग्लंडचा हक्क सांगितला होता. चिनी यजमानांसमोर हे बोलायला धाडस लागतं.)

इथे मराठी कानाला एक गंमत जाणवते. इंग्रजीत अशा जोड्या बहुधा 'इ'ने सुरू होतात आणि मग तोंड उघडतं: पिंगपॉंग, टिकटॉक, झिगझॅग. आपण बऱ्याचदा उलटे जातो. आधी आ, मग इ किंवा उ: टापटीप, धामधूम, सामसूम, झाडझूड. हिंदीवाले 'ठीकठाक' म्हणतात, आपण 'ठाकठीक'. खेळ पुण्यात जन्मला असता तर त्याचं नाव पॉंगपिंग पडलं असतं, अशी मला दाट शंका आहे.

मग 'टेबल टेनिस' कुठून आलं? शब्द तसा जुनाच. न्यूयॉर्कच्या सिंगर कंपनीने १८८७मध्येच या नावाचा खेळ विकायला काढला होता, पण तो फासे टाकून खेळायचा बैठा खेळ होता. आपल्या खेळाला हे नाव चिकटलं ते कोर्टकचेरीच्या धाकाने. डिसेंबर १९०१मध्ये इंग्लंडमध्ये चारच दिवसांच्या अंतराने दोन संघटना उभ्या राहिल्या, एक पिंगपॉंगची आणि एक टेबल टेनिसची. खेळ तोच. पिंगपॉंगवाल्यांना नोंदवलेल्या नावाचा, पर्यायाने एकाच घरच्या मालाचा आग्रह, आणि टेबल टेनिसवाल्यांना तो जाच नको. १९०३मध्ये दोघी एकत्र आल्या, पण तोवर वेडच ओसरलं आणि संघटनाही विरली. पहिल्या महायुद्धानंतर आयव्हर मॉंटेग्यू या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी खेळाचं पुनरुज्जीवन केलं, तेव्हा सुरुवात पुन्हा 'पिंगपॉंग' नावानेच झाली होती. लवकरच लक्षात आलं की या नावाचा मालक वेगळा आहे आणि तो जागा आहे. संघटनेने मुकाट 'टेबल टेनिस' स्वीकारलं. अमेरिकेत तर नावाचे हक्क पार्कर ब्रदर्सकडे होते आणि १९३०च्या दशकात त्यांच्या स्पर्धांत त्यांचाच माल वापरावा लागे. 'टेबल टेनिस' हे नाव गंभीर आणि 'पिंगपॉंग' पोरकट, हा आज दिसणारा भेद त्यामुळे मुळात दुकानदारीतून आला आहे. खेळाच्या दर्जाशी त्याचा संबंध नव्हता.

आंतरराष्ट्रीय महासंघ १९२६मध्ये स्थापन झाला तोही टेबल टेनिसच्या नावाने. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला स्पर्धा भरली. ती 'युरोपीय अजिंक्यपद' म्हणून ठरली होती, पण भारतीय खेळाडूही उतरले. आता भारताला युरोपात कसं बसवणार? नाव बदलून 'जागतिक' करावं लागलं. आपल्या लोकांनी तिथे चषक जिंकला नाही, पण स्पर्धेचं विशेषण बदललं.

चीनकडे शब्द गेला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, खेळाबरोबर, जपानमार्गे. चिनी भाषेत परका शब्द घेताना त्याच्या उच्चाराला जुळणारी चित्राक्षरं शोधावी लागतात, आणि इथे अजब योग जुळला. धडामधुडुम आवाजासाठी दोन अक्षरं भाषेत आधीपासून होतीच. 'शिपाई' या अर्थाचं जे अक्षर आहे त्याला खाली दोन पाय असतात. त्यातला एक पाय काढला की 'पिंग' आणि दुसरा काढला की 'पांग'. शेजारी शेजारी लिहिली की टेबलाच्या दोन टोकांना उभे असलेले दोन भिडू दिसतात. (उच्चार आपल्या कानाला 'फिंगफांग'च्या जवळ जातो.) पुढे चेंडू या अर्थाचं 'छिऊ' जोडलं की खेळाचं नाव पुरं झालं. ज्या महासंघाने इंग्रजीतून 'पिंगपॉंग' हद्दपार केलं, त्याचं चिनी नाव मात्र आजही पिंगपॉंगचाच महासंघ असं आहे. तेव्हा मुलाला सांगा की शब्द चिनी नाही, पण अधिकृत दर्जा त्याला चीनमध्येच मिळाला. जपानी लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांचं 'ताक्क्यू' म्हणजे सरळ 'टेबल-चेंडू'. 'पिनपॉन' हा शब्द त्यांनी हौशी खेळासाठी ठेवला, शिवाय दाराच्या घंटेसाठी, आणि प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तर आलं की वाजणाऱ्या सुरासाठी.

अमेरिकन संघ एप्रिल १९७१मध्ये नागोयाच्या जागतिक स्पर्धेवरून थेट चीनला गेला आणि दोन देशांतली वीस वर्षांची कोंडी फुटली. त्या प्रकरणालाही जगभर 'पिंगपॉंग डिप्लोमसी' हेच नाव पडलं. टेबल टेनिस डिप्लोमसी म्हटलं असतं तर मथळ्यातला टणकारा गेला असता.

आणि ज्या आवाजावरून हे नाव पडलं, तो आवाज बंद पडला आपल्या मुंबईत. फेब्रुवारी १९५२मध्ये जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात आली, ती मुंबईत. चामड्याच्या बॅटी केव्हाच गेल्या होत्या. ई. सी. गुड या इंग्रजाने १९०२च्या सुमारास लाकडी फळीवर बारीक उंचवट्यांचं रबर चिकटवलं होतं आणि तीच बॅट रूढ झाली होती. तिचाही टक्‌ असा ठसठशीत आवाज यायचा. प्रतिस्पर्ध्याने चेंडू किती जोरात मारला, कापला की सरळ ठोकला, हे कसलेले खेळाडू डोळ्यांइतकंच कानांनी ओळखत. जपानचा हिरोजी सातो हा चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा खेळाडू मुंबईत उतरला तो बॅटीवर जाड स्पंज लावून. चेंडू स्पंजात रुतायचा आणि गलोलीतून सुटल्यासारखा परत यायचा, तोही जवळजवळ आवाज न करता. युरोपचे दादा खेळाडू गोंधळून गेले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो विश्वविजेता झाला, आणि एकेरीचं अजिंक्यपद पहिल्यांदा आशियात आलं. नुसत्या स्पंजच्या बॅटीवर पुढे १९५९मध्ये बंदी आली. स्पंजावर रबराचा थर हवा आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत, असा नियम झाला. २०१४पासून सेल्युलॉइडचा चेंडूही जाऊन दुसरं प्लॅस्टिक आलं. म्हणजे पिंग देणारी बॅट नाही आणि मूळचा चेंडूही नाही, नाव तेवढं टिकून आहे.

दोन्ही शब्दांत आज फरक आहे का? जवळपास नाही, एक अपवाद सोडून. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये २०१३पासून काही वर्षं 'पिंगपॉंग'ची म्हणून वेगळी जागतिक स्पर्धा भरायची. तिथे सगळ्यांना सारखी, सॅंडपेपर लावलेली बॅट मिळायची. फिरकी कमी, रॅली लांब, आणि हो, आवाज भरपूर.

मराठीत प्रश्नच नाही. जिमखान्यात, कॉलेजच्या कॉमन रूममध्ये, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माणसं 'टीटी' खेळतात. 'मेजावरील टेनिस' वगैरे कुणी सुचवलं तर त्याला सर्व्हिस करायला उभं करावं. लिहिताना मात्र एक काळजी घ्या: 'पॉंग'मधला चंद्र 'ऑ'चा आहे आणि वरचं टिंब अनुस्वाराचं. दोन्ही मिळून हिंदीतल्या चंद्रबिंदूसारखे दिसतात, म्हणून संगणकावर अनेक जण 'पा'वर चंद्रबिंदू देऊन मोकळे होतात. आपल्याला छापलेलं सारखंच दिसतं, पण शोध घेताना शब्द सापडत नाही.

आता पैशांकडे. हे दोन विषय तुम्ही सहज एकत्र विचारलेत, पण त्यांची गाठ खरोखर पडलेली आहे. २०२०मध्ये कोविडने खेळ बंद पडले, आणि ऑगस्टमधले ते फुटबॉलचे सराव सामनेही सगळे रद्द झाले. कोलोरॅडोत त्याच वर्षी मे महिन्यात कायदेशीर बेटिंग सुरू झालं होतं. लावायला काहीच नव्हतं, म्हणून लोकांनी लाखो डॉलर लावले टेबल टेनिसवर. मॉस्कोच्या कुठल्याशा हॉलमध्ये नावही न ऐकलेले दोघे खेळतायत आणि डेन्व्हरमध्ये कुणीतरी मध्यरात्री जागून गुण मोजतंय!

पैज हा शब्द संस्कृत 'प्रतिज्ञा'पासून प्राकृतातून झिजत आपल्यापर्यंत आला. म्हणून पैजेत माणसाचा शब्द पणाला लागलेला असतो, पैसे नसले तरी चालतात. समोरही माणूसच लागतो: 'लाव पैज!' सट्टा हा 'साटंलोटं'मधल्या 'साट्या'चा भाऊबंद, म्हणजे देवाणघेवाणीचा, बाजारातला. भावाच्या चढउतारावर अंदाज बांधून पैसे गुंतवायचे, तो सट्टा. जुगार हे दोघांच्या वरचं, निंदेचं आणि कायद्याचं नाव.

तुमच्या नवऱ्याचे सहकारी करतात तो या हिशेबाने सट्टा. समोर कंपनी आहे, ती भाव जाहीर करते, आणि पैसा येईल तसा भाव हलवते. त्यात सराव सामने म्हणजे सट्ट्याचा अर्क. निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही, नावाजलेले खेळाडू थोडा वेळ खेळून, नाहीतर मुळीच न खेळता, बाकावर बसतात, आणि मैदानात धावत असतात ते ५३ जणांच्या अंतिम संघात जागा मिळवायला आलेले नवखे. कोणता संघ चांगला याला अर्थ उरत नाही. प्रशिक्षक कुणाला किती वेळ खेळवणार, याचा अंदाज बांधायचा. तुमच्या न्यू जर्सीत ते कायदेशीर आहे. किंबहुना मे २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मोकळीक दिली ती न्यू जर्सीने लढलेल्या खटल्यातच. म्हणून कुणाला दुखवायचं नसेल तर 'जुगार' टाळा. 'ते सामन्यावर पैसे लावतात' हे साधं वाक्य कधीही चालेल. त्यांतल्या दोघांनी आपसात, हरणाऱ्याने उद्या सगळ्यांना वडापाव द्यायचा असं ठरवलं, तर त्याला मात्र खुशाल पैज म्हणा.