‘निवडक आकडेवारी’ म्हणावे का?

सोलापूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की ‘आकडा’ आणि ‘आकडेवारी’ यांत फरक काय, आणि बालदारिद्र्यावरील चर्चेत सोयीचे तेवढेच आकडे सांगितले जातात, त्याला ‘निवडक आकडेवारी’ म्हणावे का.

म्हणू नये. ‘जिल्हेवार’, ‘तपशीलवार’, ‘नावनिशीवार’ यांतला ‘वार’ म्हणजे एकेक करून, क्रमाने, मधले काही न गाळता. तोच ‘आकडेवारी’त आहे. तरीही ‘आकडेवारी सांगते’ अशी सुरुवात करून एकच आकडा सांगणारे वक्ते वारंवार ऐकावे लागतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचेच उदाहरण घ्या. देशातील पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील ३८.४ टक्क्यांवरून ३५.५ टक्क्यांवर आले, हे एक जण सांगतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमधील रक्तक्षय ५८.६ टक्क्यांवरून ६७.१ टक्क्यांवर गेला, हे दुसरा सांगतो. पाहणी एकच, दोन्ही आकडे तिच्यातलेच, आणि आकडेवारी मात्र दोघांनीही दिलेली नाही.

‘आकडा’ हा शब्द याहून कितीतरी गहिरा आहे. गळाचा किंवा विजेच्या तारेवर टाकायचा आकडा आणि गणिताचा आकडा हे दोन निराळे शब्द आहेत, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही ठामपणे मांडतात. ते चूक आहे. दोन्ही संस्कृत ‘अंक’ या एकाच शब्दापासून आले, त्याच्या मुळाशी वाकण्याचा अर्थ आहे, आणि हिंदीतल्या ‘आँकड़ा’लाही हेच दोन्ही अर्थ आहेत. मराठीत पूर्वी ‘आंकडा’ असेच लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि मूळ दाखवणारी ही खूण डोळ्यांआड झाली. ‘अंक’ म्हणजे खूण, डाग. म्हणूनच ताब्यात असलेला तो ‘अंकित’. माझ्या मते मोजणीची पहिली खूण वाकडी रेघच असावी आणि तिथूनच संख्येचा अर्थ आला असावा.

‘अंक’ म्हणजे मांडीसुद्धा, कारण बसताना शरीर तिथे वाकते. सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या आकड्यावर ठरते, आणि तिचे मूल त्याच मांडीवर जागा शोधत असते. बालदारिद्र्याबद्दल बोलताना ‘अंक’ शब्दाचे हे दोन्ही अर्थ मला एकदमच आठवतात.

मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर ‘निवडक आकडे’ किंवा ‘वेचलेले आकडे’ असे लिहावे.